ट्रक स्टेअरिंगला जास्तच तिखट झालाय?

परशुराम घाटात बोटभर स्टेअरिंग फिरवलं की जुना ट्रक हातभर झुकतो? मेस्त्रीकडे जाण्याआधी माल बघा. चिरा (बांधकामाचा दगड) मागच्या टोकाला जास्त रचला की पुढचा एक्सल, म्हणजे चाकांचा आस, हलका होतो. हवाही टायर थंड असतानाच मोजा.

माल नीट लावूनही तेच असेल तर:

१. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवा.
२. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) किंवा बेअरिंग सैल. आडवं धरून खडखडलं तर टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड.
३. ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) सोडवून चाक हाताने वळवा. अडकत असेल तर किंगपिन कोरडी आहे. आपल्याकडच्या पावसात, खाऱ्या हवेत हे नेहमीचंच. ग्रीस एक्सल उचललेला असतानाच भरा, तरच ते नीट आत पोचतं.

स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू मात्र अंदाजाने आवळू नका. जास्त आवळला गेला तर वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येणार नाही.