दरबारातला विषप्रयोग: आरोप तपासायचा कसा

चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये कुणी बडी असामी पोटदुखीने अचानक दगावली की विषाची कुजबुज सुरू व्हायची. अशी प्रकरणं तपासताना हेतूपासून सुरुवात करू नका. वारसा, मत्सर, प्रेमप्रकरण यांपैकी काही ना काही दरबारात प्रत्येकाच्या माथी मारता येतं. आधी कागदावर चार रकाने आखा: मृत्यू कधी झाला, विषाचं नाव पहिल्यांदा कधी निघालं, कुणी काढलं, आणि बोलणारा तेव्हा कुठल्या अवस्थेत होता.

राजाची प्रेयसी मादाम द मोंतेस्पां हिच्यावरचे विषप्रयोगाचे आरोप या रकान्यांत भरून पाहा. या प्रकरणातली मुख्य आरोपी, विषं विकणारी ज्योतिषीण ला व्ह्वाझँ मार्च १६७९ मध्ये पकडली गेली आणि २२ फेब्रुवारी १६८० रोजी तिला जाळलं. तिने मोंतेस्पांवर आरोप केलाच नव्हता. तो केला तिच्या मुलीने, आई गेल्यावर, कैदेत असताना. फिलास्त्र नावाच्या दुसऱ्या आरोपी बाईने छळाखाली दुजोरा दिला आणि मरणाआधी तो मागे घेतला. चौथा रकाना रिकामा असेल तर जबाबातलं एकही वाक्य पुरावा म्हणून उतरवून घेऊ नका.

मग वस्तू शोधा. वडील आणि भावांना विष दिल्याचा आरोप असलेल्या मार्कीज द ब्रँव्हिलिए या सरदारघराण्यातल्या बाईच्या खटल्यात त्या होत्या. तिचा प्रियकर सँत-क्र्वा १६७२ मध्ये मेला, तेव्हा त्याच्या पेटीत विषारी द्रव्यं आणि तिची पत्रं मिळाली. पुढे लिएज शहरात तिने स्वतः लिहिलेली कबुलीही हाती आली. १७ जुलै १६७६ रोजी तिचा शिरच्छेद झाला. त्याआधी बळजबरीने पाणी पाजून तिचा छळ केला होता. पण छळातला जबाब बाजूला ठेवला तरी खटला उभा राहतो. दरबारातल्या प्रत्येक प्रकरणाला हीच कसोटी लावा. मोंतेस्पांचं प्रकरण तिथेच ढासळतं.

लक्षणांवर फार विसंबू नका. सोमलाने (आर्सेनिकने) होणाऱ्या उलट्या, जुलाब, पोटातली आग हे सगळं आमांशातही होतं, आणि शरीरातला सोमल ओळखणारी मार्शची चाचणी आली १८३६ मध्ये. राजाची भावजय हेन्रिएटा ३० जून १६७० रोजी चिकोरीचं पाणी प्यायल्यावर काही तासांत गेली. विष दिलं असं ती स्वतःच म्हणाली होती. पण तेच पाणी इतरांनीही प्यायलं आणि त्यांना काही झालं नाही. आतड्याभोवतीच्या आवरणाचा दाह हेच कारण आज जास्त पटतं.

आधुनिक प्रयोगशाळेचा निकालही एकटा घेऊ नका. फ्लॉरेन्सचा राज्यकर्ता फ्रान्चेस्को मेदिची १५८७ मध्ये वारला. त्याचे मानले गेलेले अवशेष तपासून २००६ मध्ये सोमलाचा निष्कर्ष निघाला. २०१० मध्ये त्याच्या हाडांत मलेरियाच्या खुणा सापडल्या. नमुना नक्की कुणाचा आणि कुठून घेतलेला, हे निकालाच्या आधी वाचा.

शेवटी कागदपत्रं. मोंतेस्पांचं नाव आलेले जबाब लुईने वेगळे काढून कुलपात ठेवले होते आणि १७०९ मध्ये ते जाळले. पॅरिसचा पोलीसप्रमुख ला रेनी याची टिपणं मात्र शिल्लक राहिली. म्हणून प्रत्येक उताऱ्याशेजारी नोंद करा: मूळ जबाब, की ला रेनीचं टिपण.