घरात अडकल्यावर व्यायाम: या चुका टाळा

लोकल बंद झाल्या की मुंबईकराचं चालणंही बंद होतं. २०२० च्या मार्चमध्ये तेच झालं. दादरचा पूल, स्टेशनचे जिने, ठाण्यापर्यंत उभ्याने प्रवास, सगळं एका फटक्यात गेलं. मग बऱ्याच जणांनी काय केलं? सकाळी तासभर घाम गाळला आणि रात्रीपर्यंत खुर्ची सोडली नाही. गेलेलं चालणं दिवसभर विखुरलेलं होतं, भरपाईही तशीच हवी. अर्ध्या तासाने उठा, खोलीत फेऱ्या मारा, फोन उभ्यानेच घ्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो तुकड्यातुकड्यांनी केला तरी चालतो.

दुसरी चूक उड्यांची. यूट्यूब लावून लादीवर अनवाणी जम्पिंग जॅक सुरू केले की आधी गुडघा कुरकुरतो, मग खालच्या मजल्यावरच्या काकू. दहा बाय बाराच्या खोलीत उड्यांवाचून बरंच होतं: हात न टेकता खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं डंबेल. सूर्यनमस्कारात प्लॅस्टिकची चटई हमखास सरकते, पाय मागे टाकताना तोल जातो. ती गुंडाळून ठेवा आणि पुसलेल्या कोरड्या लादीवरच नमस्कार घाला. मे महिन्यात भर दुपारी तर नकोच.

सगळ्यात महागात पडते ती तापातली हौस. ‘घाम निघाला की ताप उतरतो’ हे डोक्यातून काढा. ताप असेपर्यंत विश्रांतीच. कोविडच्या काळात राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालून ऑक्सिजन मोजायला सांगितलं होतं. चालण्याआधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावायचा, आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त घसरला तर डॉक्टरांना कळवायचं. कित्येकांनी तोच रोजचा वॉक समजून फेऱ्या वाढवत नेल्या! ती फक्त तपासणी होती, आणि दमा असलेल्यांनी ती करायचीच नव्हती.

बरं झाल्यावरही एकदम जुन्या वेगाने सुरू करू नका. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, डॉक्टरांना विचारा. आज चाललात आणि उद्या अंथरुणातून उठवत नसेल, तर फेऱ्या निम्म्यावर आणा.