एनएसएसच्या शिबिराला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

वाढीव गुणांसाठी एनएसएसला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घालणारी मुलं दरवर्षी भेटतात. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कशासाठी का होईना, आलात ना! दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हे तुम्हाला माहीत आहेच. तास भरणं अवघड नसतं. शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत अख्खी डायरी लिहून काढणारे मी पाहिलेत. त्यांना नंतर विचारा, शिबिराच्या गावातल्या एका तरी माणसाचं नाव सांग. गप्प बसतात.

पण डायरीवाल्यांपेक्षा जास्त धोका मन लावून राबणाऱ्यांना असतो. मी त्यांच्यातली, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या शिबिरात माझ्याकडे गटप्रमुखपद होतं आणि काम होतं शोषखड्ड्यांचं, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यांचं. मुलं घामाघूम होऊन खणत होती. घरमालक ओट्यावर बसून चहा पाजत होते, "पोरं लई कामाची" म्हणत होते. समारोपाला सरपंचांच्या हस्ते सत्कार झाला, आम्ही सगळे भारावलेले. पावसाळा संपल्यावर गावात गेलो, तर मोरीचं पाणी पुन्हा रस्त्यावर.

खड्डे नीटच खणले होते. तळाला मोठे दगड, वर लहान, त्यावर विटांचे तुकडे आणि तोंडाशी भोकं पाडलेला माठ, त्यात नारळाचा काथ्या. खरकटं, केस, साबणाचा गाळ त्या माठात अडकतो, म्हणून खालचा खड्डा चालतो. पण आठ-पंधरा दिवसांनी काथ्या काढून धुवावा लागतो. धुणार कोण? त्या मोरीवर रोज भांडी घासणारी घरची सून. आणि तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं. बोलणं झालं होतं सरपंचांशी, ग्रामसेवकांशी, ओट्यावरच्या काकांशी. तिच्या लेखी तो कॉलेजच्या पोरांनी केलेला खड्डा होता. तुंबला, तर तिने पाणी वळवून दिलं रस्त्याला. तिचं काय चुकलं?

म्हणून सांगते, शिबिराचं निम्मं काम शिबिराच्या आधी असतं. पूर्वभेटीला ग्रामपंचायतीत चहा पिऊन परत येऊ नका. गल्लीत जा, मोरीपाशी उभे राहा, पाणी कुठे जातं ते तिथल्या बाईलाच विचारा. घरातलं कोणी कुदळ धरायला तयार नसेल, तर त्या घरी खड्डा नाही. आकडा कमी येईल, अहवाल बारीक दिसेल, कार्यक्रम अधिकारी कुरकुरतील. कुरकुरू द्या. उलट एखाद्या घरच्या माणसांनी अर्धा खड्डा स्वतः खणला, की उरलेला अर्धा तुम्ही नाही खणलात तरी पुरा होतो.

हे काही मी शोधलेलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचंही समाधान झालं नाही, तर चर्चा पुढच्या बैठकीत. 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेल्या, पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेतही आधी गावातल्याच बायका-माणसांना प्रशिक्षण, मग गावाचं श्रमदान, असा क्रम होता. पाणलोटाचं गणित गावातल्या माणसाला आलं, की बाहेरच्या पुढाऱ्यावाचून फारसं अडत नाही.

नेतृत्व विकासाच्या एकदिवसीय कार्यशाळांवर माझा काडीचा विश्वास नाही. एसी हॉल, स्लाइड्स, टाळ्या, प्रमाणपत्र. त्यापेक्षा मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला जा. बाबा आमट्यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत पहाटे हातात फावडं येतं आणि शेजारी कोण कुठल्या कॉलेजचा, ते कोणी विचारत नाही. पदवी हातात आल्यावर पुढे काय, हा प्रश्न छळत असेल तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम आहे. 2006 पासून चालू आहे, 18 ते 28 वयाच्या मुलामुलींसाठी. आणि मार्गदर्शक निवडताना भाषण ऐकू नका, जेवणाची पंगत बघा. पोरं जेवल्याशिवाय ताट न घेणारे सर किंवा मॅडम मिळाल्या, तर त्यांना सोडू नका.

माईकची भीती वाटते म्हणून मागे राहू नका. मला अजून वाटते. सूत्रसंचालन करणारी मुलं कुठेही मिळतात. संध्याकाळी पारावर चार म्हाताऱ्यांशेजारी बसून निमूट ऐकणारं पोर शोधावं लागतं. सुरुवातीचे दोन दिवस गाव तुम्हाला पाहुणे समजतं, काही सांगत नाही. तेव्हा आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं. तसं नसतं, थांबा.

आणि समित्या वाटताना सगळे सांस्कृतिककडे धावतात. तुम्ही भोजन समिती मागून घ्या. किराणा, सरपण, पाणी यांसाठी रोज गावात दारोदार फिरावं लागतं, आणि कुठल्या घरात कोण खरं ऐकून घेतं, ते त्या फेऱ्यांतच कळतं.