डुकरांच्या रक्तावरून जपानी मेंदूज्वराचा माग: या चुका टाळा

जपानी मेंदूज्वराची लागण झालेल्या साधारण २५० जणांत एखाद्यालाच गंभीर आजार होतो. दवाखान्यातल्या रुग्णांवरून नकाशा काढला तर विषाणू चार गावं फिरून झाल्यावर आपल्याला पत्ता लागतो. म्हणून पहाऱ्याला डुकरं ठेवायची: हा विषाणू पसरवणारे क्युलेक्स डास त्यांना चावतात आणि दोन-तीन आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, दिसू लागतात. नागपूर जिल्ह्यात मौदा, रामटेक, कुही हा धानाचा पट्टा त्यासाठी सोयीचा. काम मात्र बहुतेकदा डुकरं निवडतानाच बिघडतं.

बाजारातून आणलेलं डुक्कर मौद्यात पॉझिटिव्ह आलं, म्हणून मौद्यावर ठिपका मारू नका. लागण भंडाऱ्याकडे कधीतरी झालेली असू शकते. शहरात मोकाट फिरणाऱ्या आणि कापायला आलेल्या डुकरांचंही तेच. आधी निगेटिव्ह, मग त्याच जागी पॉझिटिव्ह, असा जोड नमुना नसेल तर तो ठिपका कशाचाच नाही. कानाला बिल्ला लावा, जागा आणि तारीख लिहा. निगेटिव्ह नमुन्याची तारीखही तितकीच मोलाची, कारण लागण साधारण या दोन तारखांच्या दरम्यानच कधीतरी झालेली असते. निकाल हातात आला तो दिवस नकाशावर घालणं ही सर्रास दिसणारी चूक.

सगळी पिल्लं एकदम पॉझिटिव्ह आली तर घाबरण्याआधी वय विचारा. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त टिकतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्या आणि दोन्ही नमुने एकाच वेळी तपासा. प्रमाण उतरत असेल तर ती आईची देणगी, चौपट चढलं तर नवी लागण.

एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे जपानी मेंदूज्वरच, असंही नाही. वेस्ट नाईल हा विषाणू त्याच घराण्यातला, त्याची प्रतिपिंडंही चाचणीला फसवतात. दोन्ही विषाणू शेजारी ठेवून न्यूट्रलायझेशन चाचणी करा, म्हणजे प्रतिपिंडं कोणत्या विषाणूला जास्त रोखतात ते कळतं. महाग आहे, वेळही लागतो, पण त्याशिवाय गावाचं नाव जाहीर करू नये असं माझं मत.

उलट, डासांचे थवे असूनही डुकरं निगेटिव्हच राहतात? संध्याकाळी जाऊन बघा. मालक कडुनिंबाचा धूर करत असतो, किंवा शेजारीच गोठा असतो. हे डास गुरांवर जास्त तुटून पडतात.

डुकरं रोवणीआधीच जागेवर हवीत. पोळ्याची वाट पाहिली तर बांध्यांत डास केव्हाच वाढलेले असतात. पण वस्तीला लागून ठेवू नका. डुकराच्या रक्तात हा विषाणू भरपूर वाढतो, म्हणजे पहारेकरीच चोराला घरात घेतो. मोजकीच ठेवा, घरांपासून लांब.

रक्त गोठून सीरम (वरचा पिवळसर द्रव) वेगळं होईपर्यंत नळी फ्रीजरमध्ये टाकू नका, पेशी फुटतात. ऑक्टोबरच्या उन्हात बर्फाच्या डब्याशिवाय निघूही नका.

आणि जिथे नमुनेच घेतले नाहीत ती गावं नकाशावर राखाडी रंगवा. पांढरा रंग फक्त तपासून निगेटिव्ह आलेल्या गावांना.