मोठ्या, भांडकुदळ सिक्लिडची टाकी: लावायची कशी, भरायची कशी

दुकानात दोन इंचांचा ऑस्कर (सिक्लिड कुळातला मासा) बोटामागे काचेवर फिरतो आणि त्याच दिवशी दीड-दोन फुटांच्या टाकीत घरी येतो. पहिल्या वर्षी तो महिन्याला जवळपास इंचभर वाढतो. पुढे फूटभर होतो आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी मासा ठरवा, त्याचं पूर्ण वाढीचं माप धरा आणि मगच काच कापायला द्या.

हे मासे भांडतात ते मुख्यतः जागेसाठी. निकाराग्वाच्या तलावांत मायडस आणि रेड डेव्हिल हे सिक्लिड खडकांच्या कपारी धरून अंडी घालतात. जोडी कपार राखते, परक्याला हाकलते आणि हरलेला मासा दूर निघून जातो. टाकीत त्याला निघून जायला वाट नसते. चार फुटांवर काच येते आणि हाकलणारा तिथेही पोहोचतो. लांबी, आडोसे, माशांची संख्या, सगळं ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: हरलेला मासा जाईल कुठे?

कोणाला किती टाकी

एका फ्लॉवरहॉर्नला चार फूट बाय दीड बाय दीड (सुमारे 250 लिटर) पुरते, पण तो एकटाच ठेवायचा. दोन ऑस्करना किंवा एका नर जॅग्वार सिक्लिडला चार बाय दोन बाय दोन लागते. जॅग्वारची जोडी हवी असेल, किंवा तीन-चार जातींची मिसळ करायची असेल, तर सहा बाय दोन बाय दोनच्या खाली विचार करू नका. वुल्फ सिक्लिड, म्हणजे डोव्हिआय, दोन फुटांच्या पुढे जातो. घरच्या टाकीसाठी तो घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. जागा खरोखर कमी असेल तर जॅक डेम्प्सी बघा. आठ-दहा इंचांवर थांबतो, रंगही सुरेख.

उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ मोलाचं. तीन फूट उंच आणि फूटभर रुंद टाकी दिसते छान, पण फूटभराच्या माशाला त्यात वळताही येत नाही.

यापुढची मापं चार बाय दोन बाय दोनच्या टाकीची आहेत. काच 12 मिमी, वर चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या. वरून तीन इंच रिकामी ठेवली आणि वाळू-दगड वजा केले की प्रत्यक्ष पाणी सुमारे 370 लिटर राहतं. पाणी, काच, वाळू, दगड मिळून वजन साडेपाचशे किलो, स्टँड धरून सहाशेच्या घरात. फ्लॅटमध्ये ती खोलीच्या मधोमध ठेवू नका. खाली बीम असेल त्या भिंतीला लावून ठेवा. स्टँड लेव्हलने तपासा आणि त्यावर अर्धा-पाऊण इंची थर्माकोल घाला. जागेवर आणण्याआधी टाकी गच्चीत किंवा अंगणात सपाट जागी दोन दिवस भरून ठेवा, गळती तिथेच कळेल.

दगड आधी, वाळू नंतर

ऑस्कर तोंडात वाळू भरतो, दोन वीत लांब नेऊन थुंकतो आणि परत येतो. एका रात्रीत कोपऱ्यात काच दिसेपर्यंत खड्डा पडतो. दगड वाळूवर ठेवला असेल तर तो कलंडतो आणि तळाची काच जाते. म्हणून तळावर रबरी चटई किंवा प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर दगड, आणि मग भोवतीने धुतलेली वाळू. दोन इंचांच्या थराला 55 ते 60 किलो वाळू लागते. आपल्याकडचा काळा दगड उत्तम, तो पाण्याचा पीएच फारसा हलवत नाही. संगमरवर आणि शंख-शिंपले टाळा, पाणी जड होतं.

दगडांची रचना अशी करा की टाकीच्या एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा थेट दिसणार नाही. दोन मोठे ढिगारे, मध्ये मोकळं पाणी. लपायला सहा इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे टाका, पण दोन्ही तोंडं उघडी हवीत. एका बाजूने बंद गुहेत शिरलेला मासा कोंडला जातो आणि तिथेच मार खातो. झाडांचा नाद सोडा, उपटली जातात.

काचेचा हीटर उघडा ठेवला तर शेपटीच्या फटक्याने फुटतो. त्याला प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण घाला किंवा तो संपमध्ये (फिल्टरसाठीच्या वेगळ्या टाकीत) ठेवा. पाणी 25 ते 28 अंश हवं. मुंबईत हीटर क्वचित लागतो. पुणे-नाशिकच्या थंडीत 300 वॅटचा लागतोच. झाकण जड किंवा क्लिपचं हवं, ऑस्कर उडी मारतो. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली वळसा घेऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही.

फिल्टर आणि पाणी पिकवणं

हे मासे खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात. पाणी तासाला सहा ते आठ वेळा फिरायला हवं, म्हणजे पंपातून प्रत्यक्ष 2200 ते 3000 लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी वर चढवताना तो बराच घटतो, म्हणून एक माप मोठं घ्या. संप असेल तर उत्तम. नसेल तर कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर), आणि जोडीला एअर पंपावरचा मोठा स्पंज फिल्टर.

मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टर पिकवायचा, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्यायचे. वजनकाट्यावर सव्वादोन ते अडीच ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराईड मोजून टाका, 370 लिटरमध्ये अमोनिया साधारण 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन) होतो. (बाजारातला नवसागर म्हणजे हेच, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या.) आधी अमोनिया उतरतो, त्यापासून बनणारं नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. अमोनिया खाली आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्या. 2 पीपीएम टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की फिल्टर तयार. मोठा पाणीबदल करून मासे सोडा. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो.

बोअरच्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा 8 च्या आसपास असतो. मध्य अमेरिकेच्या सिक्लिडना ते मानवतं, पण एक धोका लक्षात ठेवा. पीएच 7 वरून 8 झाला की तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. बोअरवाल्यांनी टेस्ट किटवर अमोनियाची हलकी हिरवट छटाही सोडून देऊ नये.

दर आठवड्याला 35 ते 40 टक्के पाणी बदला. म्हणजे सुमारे 140 लिटर, दहा बादल्या. पाईपची सोय सुरुवातीलाच करा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला अँटिक्लोरीन बाटलीवरच्या मात्रेने घाला. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी घेऊ नका, ते तापलेलं असतं. सकाळी बदला. नायट्राइटपासून शेवटी बनणारं नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली ठेवायचं, 20 असेल तर छान. डोळ्यांच्या वर बारीक खड्डे पडायला लागले तर तो डोक्याला भोकं पडण्याचा रोग. औषधाकडे धावण्याआधी नायट्रेट मोजा, बहुतेक वेळा मूळ तिथे आणि खाण्यात सापडतं.

भारनियमनाच्या भागात बॅटरीचा एअर पंप ठेवाच. कॅनिस्टर बंद राहिला की आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज काही तासांनी आली तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. आतलं सडलेलं पाणी आधी फेकून द्या, नाहीतर ते थेट टाकीत येतं.

मासे सोडणं

मिसळ करायची तर सगळे मासे दोन-अडीच इंचांचे आणि एकाच दिवशी. जागा धरून बसलेल्या माशाच्या टाकीत महिन्यांनी नवा सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. दिसायला सारखे दोन नर एकत्र ठेवू नका. रेड डेव्हिल आणि मायडस एकमेकांना प्रतिस्पर्धीच समजतात. सहा फुटी टाकीत दोन ऑस्कर, एक सेव्हरम आणि पाच-सहा सिल्व्हर डॉलर मासे हे गणित बऱ्यापैकी निभतं. साफसफाईला म्हणून आणलेला साधा प्लेको स्वतःच फूट-दीड फुटाचा होतो. तो किंवा दुसरा कुठलाही मासा नदी-तलावात सोडू नका, आपल्या पाण्यात हे प्लेको आधीच पसरले आहेत.

जोडी हवी असेल तर सहा पिल्लं एकत्र वाढवा, जोडी आपसूक जमली की बाकीची काढा. दुकानातून एक नर, एक मादी आणून जोडी होत नाही.

खाणं: चांगल्या पेलेट (खाद्याच्या गोळ्या), पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, मोठ्यांना एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यात एक दिवस उपास. कधीतरी सोललेली कोळंबी. जिवंत गोल्डफिश खाऊ घालू नका, रोग येतात आणि ब जीवनसत्त्व घटतं. कोंबडीची चरबीही त्यांना पचत नाही.

भांडण जुंपलं तर

दोन मासे समोरासमोर येतात, कल्ले फुगवतात, शेपटीने पाण्याचे फटके मारतात आणि मग एकमेकांचा जबडा पकडून रेटारेटी करतात. हे काही सेकंद चाललं आणि एकाने पर मिटून बाजूला झाल्यावर दुसऱ्याने सोडलं तर ठीक. पर मिटलेल्याचाही पाठलाग चालू राहिला तर लगेच वेगळं करा. मार खाल्लेला मासा फिल्टरच्या पाईपमागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरका लटकलेला दिसतो, रंग उडालेला, शेपूट फाटलेली. सकाळपर्यंत थांबलात तर तो उरत नाही.

फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना लावतात ती चौकटींची प्लॅस्टिक जाळी टाकीच्या मापाने कापून आधीच तयार ठेवा आणि दगडांनी पक्की अडकवा. शक्य असेल तर हरलेल्याऐवजी दांडगटाला बाहेर काढा, आठवडाभर दुसरीकडे ठेवा, दगडांची सगळी रचना बदला आणि रात्री दिवा बंद करून परत सोडा. त्याची धरलेली जागा आता उरलेली नसते, सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. दोनदा असं करूनही तो थांबला नाही तर जाळी कायमची लावा, किंवा त्याला एकट्यालाच टाकी द्या. एकटा जॅग्वार चार फुटांत सुखाने राहतो आणि हातातून खायला शिकतो. फक्त बोटं जपा.