चितळ-सांबर मोजायला निघण्याआधी

विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात चितळ, सांबर, रोही, गवा, रानडुक्कर यांची घनता, म्हणजे चौरस किलोमीटरला किती जनावरं हे, काढायची असेल, तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ धरा. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढं असतं. त्यात बसलेलं चितळ पाच पावलांवरूनही दिसत नाही. मार्चपासून मोह गळू लागतो, मग गावकरी उजाडायच्या आत वेचायला जंगलात शिरतात आणि तुम्ही पोचेपर्यंत जनावरं उठून गेलेली असतात. मे महिन्यात सगळं पाणवठ्याभोवती गोळा होतं. बुद्धपौर्णिमेची मचाणावरची रात्र हौसेला उत्तम, पण तिच्यातून घनता निघत नाही: आलेली जनावरं किती चौरस किलोमीटरवरून आली हेच ठाऊक नसतं आणि एकच कळप दोनदा आला की त्याचे दोन होतात.

ट्रान्झेक्टच्या रेषा, म्हणजे ज्यांवरून चालत जनावरं मोजायची त्या सरळ रेषा, आधी नकाशावर आखा, मगच जागेवर जा. गाडीरस्ता, जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा), नाल्याचा काठ या सोयीच्या जागा टाळा, कारण काही प्राणी तिथं मुद्दाम येतात, काही मुद्दाम टाळतात. एक रेषा २ किलोमीटरची, अशा निदान १०. २० जमल्या तर फारच बरं. एकाच रेषेवर पाच फेऱ्या मारल्यानं नोंदी वाढतात, पण जंगल तेवढंच राहतं. रेषा साफ करण्याचं काम आठवडाभर आधी संपवा. एका माणसाला आवाज न करता चालता येईल इतकीच झुडपं छाटा. रुंद वाट काढलीत तर गुरं आणि गुराखी तीच धरतात. सागाची वाळलेली पानं मात्र झाडून काढा. त्यांच्या चुरचुरीनं सांबर तुम्ही दिसायच्या आधीच पसार होतं.

प्रत्येक गटाकडे लेझर रेंजफाइंडर, होकायंत्र, जीपीएस, छापील तक्ते आणि शिसपेन्सिली हव्यात. दवानं शाईचा तक्ता वाचण्याजोगा राहत नाही. रेंजफाइंडरची जास्तीची बॅटरी शहरातूनच आणा, तालुक्याच्या दुकानात ती मिळेलच असं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी टेपनं २०, ५० आणि १०० मीटर मोजून यंत्र तपासा. होकायंत्र डोळ्याला लावताना कोयता, मोबाइल, पट्ट्याचं लोखंडी बक्कल लांब ठेवा, नाहीतर सुई सरकते.

सरावाला पूर्ण एक दिवस द्या, कारण आकडे बिघडतात ते इथंच. दिसल्या क्षणी लिहायच्या गोष्टी: प्रजाती, कळपातली संख्या, कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर, तुमच्या चालण्याची दिशा आणि तुमच्यापासून कळप ज्या दिशेला दिसला ती दिशा, दोन्ही होकायंत्रावरच्या अंशांत. दोन दिशांमधला कोन आणि अंतर यांवरून रेषेपासूनचं लंब अंतर निघतं. ६० मीटरवर ३० अंशांत दिसलेला कळप रेषेपासून ३० मीटरवर असतो. चालण्याची दिशा ३५० अंश आणि कळपाची २० असेल तर कोन ३० येतो, ३३० नव्हे. ही चूक हमखास होते. कळप पळाला तर तो पहिल्यांदा जिथं उभा होता त्या झाडाच्या बुंध्यावर रेंजफाइंडर धरा. किरण मधल्या काटकीवर आपटला की ७० मीटरचे १५ होतात, म्हणून दोनदा मोजा. ‘५० असेल’ असं अंदाजानं लिहिण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा. अंतरांच्या आलेखात ५० आणि १०० वर उंचवटे उभे राहतात आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर ते सपाट करू शकत नाही.

गट तिघांचा पुरे: एक पाहणारा, एक लिहिणारा, एक वाट माहीत असलेला वनमजूर. उजाडताच सुरुवात करून २ किलोमीटरला दीड-दोन तास लावा. नजर आधी रेषेवर ठेवा, मग बाजूंना. रेषेवरचं जनावर सुटत नाही असं गृहीत धरूनच पुढचं सगळं गणित मांडलेलं असतं. तिथलंच निसटलं तर घनता कमी येते आणि ते तक्त्यात कुठंही दिसत नाही.

किती चालायचं याचा हिशेब आधीच करा. एका प्रजातीच्या ६० ते ८० नोंदी मिळाल्या तर शोधवक्र, म्हणजे अंतर वाढेल तसं दिसण्याचं प्रमाण कसं घटतं ते दाखवणारी रेघ, नीट बसतो. २० रेषा, प्रत्येकी ५ फेऱ्या, म्हणजे २०० किलोमीटर. चितळाचे ८० कळप दिसले आणि ‘परिणामी अर्धरुंदी’ (रेषेच्या एका बाजूला जितक्या अंतरापर्यंत सगळं दिसलं असं धरता येतं ते अंतर) ५० मीटर निघाली, तर पाहिलेलं क्षेत्र २० चौरस किलोमीटर, घनता ४ कळप. सरासरी कळप ५ चा असेल तर चौरस किलोमीटरला २० चितळं. चौसिंग्याच्या एवढ्या नोंदी बहुधा होणार नाहीत, म्हणून त्याचा आकडा देण्याचं आश्वासन कुणाला देऊ नका.

तक्ते त्याच दुपारी संगणकात भरा. ज्यानं लिहिलं त्यानंच वाचून दाखवावं, कारण थंडीत काढलेला १ आणि ७ दुसऱ्याला ओळखू येत नाही.