वारेतली जुळी जनुकं आणि एकाच शिखराचा चकवा

प्लॅसेंटाच्या, म्हणजे वारेच्या, हॉर्मोनवर काम सुरू करणाऱ्याला सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट (वारेचा हॉर्मोन बनवणारा बाहेरचा थर) म्हणजे काय हे समजावायची गरज नाही. जिथे महिनेच्या महिने वाया जातात, तिथेच थेट येऊ.

माणसाच्या १७व्या गुणसूत्रावर पाच जनुकं एका रांगेत बसलीत: जीएच१, सीएसएचएल१, सीएसएच१, जीएच२, सीएसएच२. जीएच म्हणजे वाढ-हॉर्मोनची, सीएसएच म्हणजे वारेच्या लॅक्टोजेन या हॉर्मोनची. पहिलं पिट्युटरीचं, उरलेली चार वारेची. डीएनएचे क्रम ९० टक्क्यांहून जास्त सारखे. सीएसएच१ आणि सीएसएच२ तर १९१ अमिनो आम्लांचं अगदी एकच लॅक्टोजेन बनवतात.

म्हणून क्यूपीसीआरच्या (जनुक किती चालू आहे हे मोजणाऱ्या चाचणीच्या) मेल्ट कर्व्हवर, म्हणजे तुकडे कोणत्या तापमानाला वितळतात त्या आलेखावर, एकच टोकदार शिखर दिसलं की हुरळून जाऊ नका. सारखे तुकडे सारख्याच तापमानाला वितळतात. त्या एका शिखराखाली तीन जनुकं दडलेली असू शकतात. प्रायमरचं (जनुकाला चिकटणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याचं) ३' टोक फरकाच्या बेसवरच बसवा. मग प्रत्येक जनुकाचा वेगळा प्लास्मिड (ते एकच जनुक असलेलं डीएनएचं वर्तुळ) घ्या आणि प्रायमरची प्रत्येक जोडी पाचही प्लास्मिडवर चालवून बघा. परक्या प्लास्मिडवर सीटी (संकेत दिसू लागतो ते सायकल) किमान दहा सायकल मागे पडायला हवा. शेवटी पीसीआरचं उत्पादन सँगर पद्धतीने अक्षर-अक्षर वाचून घ्या. ‘हे प्रायमर आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतात’ असं गाइड म्हणाले, तरी त्या वाचनाचा आलेख, म्हणजे क्रोमॅटोग्राम, मागाच. चांगला गाइड रागावत नाही.

आरएनए-सीक्वेन्सिंगने सुटका होत नाही. फीचरकाउंट्स हे मोजणीचं सॉफ्टवेअर अनेक जागी जुळणारे रीड (वाचलेले छोटे तुकडे) मूळ सेटिंगमध्ये मोजतच नाही, म्हणजे वारेतलं सगळ्यात मुबलक जनुकच तक्त्यात लंगडं दिसतं. असे रीड जनुकांमध्ये वाटून देणारं सॅल्मनसारखं साधन वापरा.

नमुना विलायचा (वारेच्या बोटांसारख्या फांद्यांचा) घ्या, चार-पाच जागांवरून, आणि थंड पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. त्यात डेसिड्युआ (आईच्या गर्भाशयाचं अस्तर) आला का, हे त्याची खूण असलेली पीआरएल आणि आयजीएफबीपी१ ही जनुकं सांगतील. सीएसएच इतकं भरपूर असतं की सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) शंभरपट पातळ केल्याशिवाय बेसलाइनच बिघडते.

एवढा आटापिटा का? कारण कामं वेगळी आहेत. जीएच२चं हॉर्मोन आईचं आयजीएफ-१ (वाढीला चालना देणारं प्रथिन) वाढवतं, पण गर्भाच्या रक्तात जात नाही. लॅक्टोजेन थोडं का होईना, जातं. बाळाची वाढ खुंटलेल्या वारेत ‘सीएसएच घटलं’ एवढंच लिहून भागत नाही.

उंदराचा सोपा रस्ता इथे घेऊ नका. त्याच्या वारेतली लॅक्टोजेनं प्रोलॅक्टिनच्या कुळातली आहेत, आपली वाढ-हॉर्मोनच्या.

फरक सापडला नाही तरी खचू नका. सीएसएच१, जीएच२ आणि सीएसएच२ तिन्ही गायब असूनही नेहमीच्या वजनाची बाळं जन्मल्याच्या नोंदी आहेत. प्रायमर तपासलेले असतील, तर तुमचं ‘काही फरक नाही’ हे उत्तरही ठामपणे छापण्यासारखं आहे.